पहिला वाटा

खडपेवाडीची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. फेब्रुवारी २००७ मधल्या जिल्हा परिषदेच्या मतदानाला त्या व्हरांड्यात सकाळी आठलाच अशी रांग लागली की, शाळा सुरू झाल्यापासून एवढी माणसं त्या उंबऱ्याकडे कधी फिरकली नव्हती. चंद्रावती कुबल रांगेत अकरावी होती. मासळीची पाटी तिने बाहेर आंब्याखाली ठेवली होती. मत देऊन सव्वानऊच्या एस्टीने तिला मालवणचा बाजार गाठायचा होता, आणि बाजार काही निवडणूक आहे म्हणून कुणासाठी थांबत नाही.

आत टेबलामागे कणकवलीकडचे एक मास्तर यादी घेऊन बसले होते. त्यांनी तिची चिठ्ठी घेतली, नावावर पट्टी ठेवली आणि वरच्या ओळीकडे बघून सहज म्हणाले, "तुमचे यजमान बरे लवकर येऊन गेले. या केंद्रावरचं पहिलं मत त्यांचंच."

"कोणाचा?"

"शंकर कुबल. तुमचेच ना?"

चंद्रावतीने मान हलवली. नवरा तर तिचाच होता. एवढंच की तो साडेपाच वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता आणि अजून परतला नव्हता.

तिच्या बोटाला शाई लागली. ती पडद्यामागे गेली, बटण दाबलं, मशीन ओरडलं. बाहेर येताना तिने बाकाकडे पाहिलं. तिथे उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. दोन पोरगे मालवणहून आणलेले, वाडीतलं कुत्रंही न ओळखणारे, कागदावरचे पोहे खात होते. तिसरा आंतोन मास्तर, वाडीतलाच, निवृत्त शिक्षक. एरवी लांबून हाक मारणारा हा माणूस हातातल्या यादीत असा घुसला होता की जणू त्याच्यावर कुणी परीक्षा लावली होती.

पाटी उचलायला ती आंब्याखाली गेली आणि पाटीशेजारीच बसून राहिली. त्या दिवशी तिची एस्टी चुकली.

शंकर गेला त्याची हकिगत वाडीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. २००१ चा दसरा होऊन चार दिवस झाले होते. गुणाजी तांडेलाच्या होडीवर पाच जण गेले होते, शंकर सुकाणूवर. दुपारी अचानक वारं फिरलं आणि होडी उलटली. चौघं खडपाला, किनाऱ्याच्या कातळाला, लागले. शंकर लागला नाही. आठ दिवस माणसं देवबागपासून आचऱ्यापर्यंत किनारा चाळत होती. ना माणूस मिळाला, ना त्याचा सदरा.

आता अशा माणसाचं काय करायचं, हे खडपेवाडीत फार जुन्या काळी ठरलेलं आहे. समुद्राने परत न दिलेल्याला मेला म्हणत नाहीत. तो दर्यात आहे, असं म्हणतात. त्याची बायको आपल्या तोंडाने 'मेला' म्हणेपर्यंत, किंवा बारा वर्षं होईपर्यंत, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा जाळत नाहीत. आणि पुतळा जाळेपर्यंत तो ज्या होडीवरून गेला त्या होडीवर त्याचा वाटा पडतो. वाळूवर मासळी ओतली की पहिला वाटा त्याचा. तांडेलाचा म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, खलाशांचा, जाळ्याचा, सगळ्यांचा त्यानंतर. तो वाटा विकायचा नाही, घरी शिजवायचा आणि काटे पाण्यात टाकायचे. गुणाजी साडेपाच वर्षं हा वाटा स्वतः चंद्रावतीच्या पायरीवर आणून ठेवत होता. जाळ्यात सतरा बांगडे आले त्या दिवशीही त्याने त्यातले चार आधी बाजूला काढले होते.

त्यामुळे चंद्रावतीच्या कपाळावर कुंकू होतं. बाजारात कुणी काही बोललंच तर तिची जीभ कोयतीपेक्षा बरी चालायची. सरकारदरबारीही शंकर जिवंतच होता, पण त्याचं कारण वेगळं. नाव काढा म्हणून अर्ज कुणी केला नव्हता, आणि अर्जाशिवाय सरकार कुणालाच मारत नाही.

तिला त्याची कसली आठवण सगळ्यात जास्त यायची म्हणाल, तर हाताची. लग्नाच्या आधीच कधीतरी नांगराच्या दोरात सापडून त्याच्या डाव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली होती. 'नऊ बोटांचो शंकर' म्हणायचे त्याला. रोज पहाटे भरलेली पाटी तो तिच्या डोक्यावर चढवून द्यायचा. उजवा हात पाटीला, डावा तिच्या पाठीला. पाठीवर चार बोटं टेकायची. एक जागा मोकळी राहायची. वीस वर्षं ती मोकळी जागा तिने पाठीवर वाहिली होती.

निवडणुकीची कथा मात्र वेगळीच. खडपेवाडीत आणि आसपासच्या सात-आठ वाड्यांत दोनच पक्ष माहीत होते. एकदा हा निवडून यायचा, एकदा तो. दोघांच्याही सभेला पुढच्या खुर्च्यांवर तेच मोठे ट्रॉलरवाले बसायचे, जे लांबून यायचे आणि किनाऱ्यापर्यंतचं पाणी खरवडून न्यायचे. तीन वर्षं झाली, होड्या रिकाम्या येत होत्या. तरणी पोरं गोव्याच्या बोटींवर खलाशी म्हणून गेली. घराघरांत पेजेबरोबर खायला मीठ राहिलं होतं आणि उमेदवार मात्र पांढरेशुभ्र कपडे घालून येऊन 'मच्छीमार बांधवांनो' म्हणत होते. वाडीला चीड आली. खरीखुरी चीड आली, आणि तिच्यातून तिसरं पॅनेल उभं राहिलं.

जागा बायकांसाठी राखीव होती. आंतोन मास्तराची बायको फ्रान्सिस्का, शाळेतली जुनी बाई, उभी राहिली. हिंदू होड्या आणि ख्रिस्ती होड्या पहिल्यांदाच एका माणसामागे गेल्या. होडी हे चिन्ह मागितलं होतं, मिळाली छत्री. "आमी बुडाल्यावर छत्री दिल्यानी," असं म्हणून गुणाजी हसायचा आणि हसवायचा. साठीतला हा माणूस चार महिने अनवाणी पायांनी वाड्यावाड्यांतून फिरला. त्याच्याइतकं कुणी घसा कोरडा केला नाही. दोन्ही मोठ्या पक्षांना या वाडीत प्रतिनिधी म्हणून बसायला माणूस मिळेना, म्हणून तर ते दोन पोहेखाऊ पोरगे बाहेरून आणावे लागले.

मोजणी झाली आणि फ्रान्सिस्का बाई एका मताने निवडून आली.

एका मताने. वाडी संध्याकाळपर्यंत नाचली. म्हातारे नाचले, चर्चचा बँड वाजला, देवळातला ढोल त्याच्यात मिसळला. कुणीतरी चंद्रावतीच्या डोक्यावर उघडी छत्री धरून तिला मधोमध ओढलं. तेवढ्यात शेजारच्या तुळसाने, जी मतदानाच्या रांगेत तिच्या मागेच उभी होती आणि मास्तरांचं बोलणं जिने ऐकलं होतं, तोंड उघडलं.

"एका मतान जिकलव. ता मत खंयचा, ठाऊक आसा? शंकराचा. दर्यातसून येवन तेना पयला मत घातल्यान."

ढोल थांबला. मग बायकांनी हात जोडले. पुरुषांनी समुद्राकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि त्यात भीतीपेक्षा आनंद जास्त होता. आपला बुडालेला माणूस आपल्या वाईट दिवसांत आपल्यासाठी वर आला, याहून मोठा विजय कुठला? दुसऱ्या दिवसापासून चंद्रावतीच्या पायरीवर नारळ येऊ लागले. मोरवाडीतली एक म्हातारी तर तिच्या पाया पडून गेली.

चंद्रावतीला मात्र त्या नारळांकडे बघवत नव्हतं. तिच्या मनात एकच गोष्ट दिवसरात्र कुरतडत होती. तो आला. शाळेपर्यंत आला. शाळेपासून तिचं घर हाकेच्या अंतरावर. तिथवर आला आणि घरी आला नाही.

दर्यात असलेल्यावर कुणी रुसल्याचं तिने ऐकलं नव्हतं, पण ती रुसली. भात वाढताना ती भिंतीशी बोलू लागली. "मत व्हया होता तुका. बायल नको." मग लगेच तिचं तिलाच वाईट वाटायचं आणि ती दार लोटून ठेवायची, कडी न लावता. एका सकाळी पायरी ओली दिसली. दव असेल, कुत्रं बसून गेलं असेल. पण तिने ती पायरी दुपारपर्यंत ओलांडली नाही, मागच्या दाराने ये-जा केली.

आणि मग पाटीचं झालं. होळीच्या आधीची गोष्ट. झुंजुमुंजु झालं होतं, वाळूवर बायका आपापल्या पाट्या भरत होत्या. तिला उचलून द्यायला जवळ कुणी नव्हतं म्हणून तिने गुडघा टेकला, पाटी मांडीवर घेतली आणि उसळी मारून डोक्याकडे नेली. पाटी सहज चढली. पाठीवर हात टेकला होता. चार बोटं, आणि एक मोकळी जागा. ती वळली नाही. वळलं तर जाईल, असं तिला वाटलं. ती तशीच एस्टीच्या थांब्यापर्यंत ताठ चालत गेली आणि तिथे पाटी उतरवून ढसाढसा रडली. बाजारात त्या दिवशी तिने भाव केला नाही. गिऱ्हाईक मागेल त्या दराने मासा देऊन टाकला.

तिने आंतोन मास्तराला गाठलं. "मास्तरानू, तुमी थंय होतास. तुमी तेका बघलास?"

आंतोनने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "गर्दी होती गो."

"पयल्या मताक कसली गर्दी?"

"माका नीट दिसाक नाय," तो म्हणाला आणि घरात गेला. इतकी वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेल्या माणसाला खोटं बोलणं जमत नाही, हे चंद्रावतीला दिसलं. पण त्याने काय लपवलं, ते दिसलं नाही. तिला वाटलं, मास्तरने त्याला पाहिलं आणि तो घाबरला.

गुणाजी वाटा ठेवायला आला तेव्हा तिने त्यालाही विचारलं. गुणाजी तिच्या नजरेला नजर देईना. "तो आपलो माणूस, चंद्रा," एवढंच तो म्हणाला, "आपल्या माणसाचा मत वाया जावंक नाय, ह्या बरा झाला." आणि पायरीवर वाट्याचे तीन पेडवे ठेवून वाकल्या पाठीने निघून गेला. होडी उलटल्यापासून तो वाकूनच चालायचा.

मग कोर्टाचा कागद आला. एका मताने हरलेल्या पक्षाने दावा लावला होता की, मयत माणसाच्या नावावर मत पडलं आहे. मयताची पत्नी म्हणून चंद्रावती शंकर कुबल हिने मे महिन्यात ओरोसला साक्षीला यावं. 'मयताची पत्नी' हे शब्द तुळसाच्या मुलीने वाचून दाखवले तेव्हा चंद्रावतीने कागद तिच्या हातातून ओढून घेतला.

किनाऱ्यावरच्या देवळात सगळी वाडी बसली. पॅनेलचा वकील समजावून गेला होता. त्याने सांगितलं ते सोपं होतं. नवरा मेला म्हणायचं नाही. जिवंत आहे असंही म्हणायचं नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं. दावा सांगणाऱ्याला मृत्यू सिद्ध करता येणार नाही, कारण प्रेतच नाही.

"आणि ता खोटा पण नाय गो," तुळसा म्हणाली. "तुका तरी खंय ठाऊक आसा?"

"तू एक शब्द तोंडातसून काढलंस तर पयल्यांदा जिकलेला हातचा जातला," दुसरा कुणी म्हणाला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. वाईट माणसं नव्हती ती. तिच्या घरावर कौलं नव्हती तेव्हा त्याच माणसांनी नारळाची झापं शाकारून दिली होती. गुणाजी मागे खांबाला टेकून बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच बैठकीत बोलत नव्हता.

फ्रान्सिस्का बाई मात्र दुसऱ्या दिवशी एकटीच घरी आली. पायरीवर टेकली. "चंद्रावती, माझ्या खुर्चयेसाठी तू काय एक बोला नको. तुका जा खरा वाटता ता सांग." जाताना ती थांबली. "माझो घोव काय तरी लपयता. माका सांगत नाय. रोज सकाळी चर्चीत जावन गुडघे टेकता."

ओरोसच्या कोर्टात पंखा फिरत होता आणि गरम वारं खाली ढकलत होता. वाडीतली वीस-पंचवीस माणसं टेम्पोने आली होती. चंद्रावती हिरवं लुगडं नेसून, कुंकू लावून बाकावर बसली. आधी कणकवलीच्या मास्तरांची साक्ष झाली. ते घामाघूम झाले होते.

"ओळख पटवली होती का?" दावेदाराच्या वकिलाने विचारलं.

"चिठ्ठी होती साहेब. प्रतिनिधींना विचारलं, कुणी हरकत घेतली नाही. समुद्रावरच्या माणसांचं वय तोंडावरून कळत नाही."

"शाई लावलीत?"

"लावली साहेब. नियमाप्रमाणे. डाव्या हाताच्या तर्जनीला."

"नक्की?"

"पहिलंच मत होतं. मीच लावली. या बोटाला." मास्तरांनी आपला डावा हात वर करून अंगठ्याशेजारचं बोट सगळ्यांना दाखवलं.

चंद्रावती त्या बोटाकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. तिच्या पाठीवरची ती मोकळी जागा थंड पडली. शंकरला ते बोटच नव्हतं. मग शाई कुणाच्या बोटाला लागली?

वकील यादी वाचत होता. कुणी कुणी मत दिलं, कुणी दिलं नाही. वाडीतली बहुतेक सगळी नावं खूण केलेली. "बिनखुणेची नावं चार," तो म्हणाला. "दोघं मुंबईला, एक इस्पितळात. आणि चौथे, गुणाजी रामा तांडेल."

बाकांवर कुजबुज झाली. चार महिने अनवाणी फिरलेल्या माणसाने मत दिलं नाही? चंद्रावती वळली. गुणाजी शेवटच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. शाळेत मार खाणारं पोर हात लपवतं, तसा. मग तिची नजर आंतोन मास्तरवर गेली. त्याने डोळे मिटले होते.

तिला कळलं. आणि कळलं तेव्हा तिला राग आला नाही. आधी फक्त हलकं वाटलं. तीन महिने छातीवर ठेवलेला दगड कुणी काढून घ्यावा तसं. तो आला नव्हता. घर टाकून शाळेत गेला नव्हता. त्याने तिला टाकलं नव्हतं. त्या हलकेपणामागून मग दुसरं आलं, जे साडेपाच वर्षं दारात उभं होतं आणि तिने आत घेतलं नव्हतं.

तिचं नाव पुकारलं. ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. खरं सांगेन म्हणून शपथ घेतली.

"बाई, शंकर कुबल हे तुमचे पती. ते हयात आहेत का?"

पॅनेलचा वकील तिच्याकडे रोखून बघत होता. तुळसाचे ओठ हलत होते, माहीत नाही म्हण, माहीत नाही म्हण. चंद्रावतीने कठड्याला घट्ट धरलं.

"त्यांना ते बोट नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"मास्तरांनी दाखवलं ते. लग्नाआधीच दोरात गेलेलं. सगळ्या वाडीला ठाऊक आहे." मग तिची कोर्टातली भाषा सुटली. "तो इलो नव्हतो, साहेबानू. इलो असतो तर आधी घराक इलो असतो."

न्यायाधीशांनी मान वर केली. "म्हणजे त्यांचं काय झालं, बाई?"

"मेलो," चंद्रावती म्हणाली. शब्द इतका लहान निघाला की तिला तो परत म्हणावा लागला. "साडेपाच वर्सां झाली. माझो घोव मेलो."

पॅनेलच्या वकिलाने पेनाचं टोपण लावलं. मग शेवटच्या बाकावरून गुणाजी उठला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं.

"तेचा मत मी घातलंय," तो म्हणाला.

त्याला खाली बसायला सांगितलं, तो बसला नाही. पुढे येत राहिला. डावा हात वर करून त्याने ते बोट दाखवलं. शाई केव्हाच गेली होती, पण त्याला ती अजून दिसत असावी. "होडयेर पयलो वाटो शंकराचो काडतंव. मगे आमचो. तसाच केलंय. पयला तेचा मत घातलंय. मगे माझा घालूक परत गेलंय, तर बोट काळा. तेवा कळला की एका माणसाक एकच."

"अहो, पण तुम्ही स्वतःचं मत दिलं असतं तर तुमची बाई तशीच निवडून आली असती," न्यायाधीश म्हणाले. त्यांच्या आवाजात चिडण्यापेक्षा हळहळ होती. "तेवढंच एक मत. आणि कायदेशीर."

"माझा काय, साहेबानू, मी आसंय," गुणाजी म्हणाला. "होडी उलाटली तेवा तेचो हात माझ्या हातात होतो. चार बोटां. पाचवा असता तर कदाचित रवलो असतो. सुटलो. मी काठाक लागलंय. मगे मी माझा कसा घालू आधी?"

हे त्याने साडेपाच वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. चंद्रावतीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती पिंजऱ्यातच खाली बसली आणि शिपायाने तिला पाणी आणून दिलं.

पुतळा त्याच महिन्याच्या अखेरीस जाळला. भटजींनी पळसाची पानं देठांनी बांधून अंग केलं, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, हातांना पाच पाच देठांची बोटं केली. आंतोन मास्तर चर्चच्या बाजूच्या वाटेने येऊन लांब उभा होता. सगळं बांधून झाल्यावर चंद्रावती पुढे झाली. भटजी म्हणाले, बायका हात लावत नाहीत. तिने ऐकलं नाही. वाकून डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं देठ तोडलं आणि मुठीत ठेवलं. "आता तो झालो," ती म्हणाली. मग अग्नी दिला. घरी आल्यावर तिने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं.

निवडणुकीचं पुढचं सांगायचं तर, ते एक मत बाद झालं आणि दोघींची मतं सारखी झाली. नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली. चिठ्ठी दुसरीची निघाली. गुणाजीवर खटला झाला, आंतोनने आपणहून जाऊन, गुणाजीला ओळखूनही हरकत घेतली नाही, असा जबाब दिला. वाडीतल्या काही जणांनी चंद्रावतीशी बोलणं टाकलं. तुळसा बोलणं टाकणाऱ्यांतली पहिली, आणि पहिली परत आली तीही तीच. फ्रान्सिस्का बाई पुढच्या निवडणुकीच्या याद्या आतापासूनच तपासत बसली होती आणि बुडालेल्यांची नावं स्वतः घरोघरी जाऊन, विचारून, लाल पेनाने खुणावत होती. आसपासच्या सगळ्या वाड्या मिळून सहा निघाली.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. पहिल्या दिवशी गुणाजीच्या होडीला बऱ्यापैकी बांगडा लागला. मासळी वाळूवर ओतली. गुणाजी सवयीने वाकला, ओंजळभर बांगडे बाजूला केले, आणि थांबला. खलाशी दुसरीकडे बघू लागले. गुणाजीने ते बांगडे उचलले आणि ढिगात परत ठेवले, एकेक करून, जपून. मग वाटे घातले.

चंद्रावती इतर बायकांसारखीच विकत घ्यायला आली होती. कपाळ मोकळं होतं. तिने आपली पाटी भरली. गुडघा टेकला, पाटी मांडीवर घेतली, आणि क्षणभर थांबली. पहाटेचा वारा होता. ती वाट बघत होती, हे तिला स्वतःला कळलं. कुणी आलं नाही.

मग वाळूत पावलं वाजली. गुणाजी आला. त्याने उजवा हात पाटीला लावला, डावा तिच्या पाठीला. पाटी वर चढली.

पाठीवर पाचही बोटं टेकली होती. चंद्रावतीने ती मोजली.

"चल," ती म्हणाली. "एस्टी चुकतली."

आणि ती चढावरच्या वाटेला लागली.